खालच्या जबड्यातले दोन स्क्रू

ज्यांच्या तोंडात खालची कवळी बसत नाही आणि जे ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. अशी माणसे पुष्कळ असावीत. दवाखान्याच्या बाकावर मला ती रोज भेटत. आम्ही एकमेकांकडे पाहत असू. बोलत नसू, कारण बोलले की कवळी हलते.

मी वैद्यक जाणत नाही. मूळचा पिशोरचा. घराणे मेंढपाळांचे. वाळूजला कारखाने उभे राहू लागले तेव्हा तिथल्या एका कारखान्यात, साचे आणि हत्यारे जिथे बनतात त्या टूलरूममध्ये, फिटर म्हणून लागलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. लिहिण्याचा सराव नाही. जे घडले ते क्रमाने सांगतो.

कवळी

हिरड्यांच्या आजाराने दात हलू लागले आणि एकेक करून काढावे लागले. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून धरलेली तंबाखू निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तिचाही त्यात वाटा होता. दोन्ही जबड्यांना कवळी आली.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला धरण्यासारखे काही नसते. वर्षे जातात तसे जबड्याचे हाड झिजते आणि खालची कवळी तोंडात तरंगू लागते. हे मला पुढे समजले. त्या वेळी मला वाटले, कवळीच्या मापात चूक आहे; आणि मापातली चूक काढणे हेच तर मी आयुष्यभर केले होते.

टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग जुळवायचे असले की एकावर निळा रंग पातळ फिरवतात आणि दुसरा त्यावर टेकवतात. जिथे रंग उमटतो तिथे उंचवटा असतो. तेवढाच घासायचा, पुन्हा रंग लावायचा, पुन्हा टेकवायचे. घरात निळा रंग नव्हता. पत्नीच्या करंड्यातले कुंकू घेतले, गोडेतेलात कालवले, कवळीच्या आतल्या अंगाला लावले आणि कवळी तोंडात बसवली. हिरडीवर जिथे लाल उमटले ती जागा आरशात पाहून ठेवली. मग बारीक कानस घेऊन ओसरीवर बसलो.

दुसऱ्या फेरीला जनाबाई, म्हणजे माझी पत्नी, बाहेर आली आणि माझे तोंड पाहून खांबाला धरून उभी राहिली.

"आवं, रगत येतंय तुमच्या तोंडातून."

"कुंकू हाये ते."

ती खाली बसली. म्हणाली, "आमी बाया कपाळाला लावतो. तुमी तोंडात काहून लावलं?"

मी सांगितले. तिने कानशीकडे पाहिले, कवळीकडे पाहिले. "कारखाना सुटला, पर कारखान्यानं तुमाला नाय सोडलं," एवढे बोलून करंडा उचलून घेऊन गेली.

काम सफाईचे झाले होते. दोन दिवस बरे वाटले. परंतु लोखंडाचे माप स्थिर राहते आणि हिरडीचे राहत नाही, हे मी लक्षात घेतले नव्हते. कवळी पहिल्यापेक्षा सैल झाली. ती एका अंगाला सरकून घासू लागली आणि डाव्या बाजूला हिरडीवर जखम झाली. जखम भरेना. मी कोणाला सांगितले नाही. जेवताना पदार्थ गिळू लागलो आणि भूक नाही असे म्हणू लागलो.

हे वाचणाऱ्याने घरी कवळी घासू नये. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नये.

साळवेंकडचे जेवण

साळवे माझ्याबरोबर टूलरूममध्ये मिलिंग मशीनवर होता. तो बौद्ध समाजातला. आम्ही कामाला लागलो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चालू होता. आज ज्यांना ती वर्षे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, शहरात आणि खेड्यांत माणसे माणसांवर उठली होती आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये कोण कोणाजवळ बसून डबा उघडतो याकडे सगळ्यांचे लक्ष असे. हळूहळू बाके वाटली गेली. कोणी वाटली नाहीत. आपोआप वाटली गेली.

साळवे आणि मी पहिल्या दिवसापासून एका बाकावर जेवत होतो. एकदा बाहेर तणाव वाढला होता तेव्हा तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, तू पलीकडं बस. तुला तरास व्हईल."

मी विचारले, "भाजी काय आणली?"

"शेपू."

"मंग सरक. इथंच बसतो."

यापेक्षा अधिक काही मी केले नाही. लढ्यात नव्हतो, सभेला गेलो नाही. फक्त बसायची जागा बदलली नाही. लढा संपून विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो संक्रांतीचा दिवस होता. त्यानंतर साळवेने डब्यात तिळाची पोळी आणली आणि अर्धी मोडून माझ्या झाकणात ठेवली. निवृत्तीनंतर तो बजाजनगरात राहिला, मी शहरात आलो. जेवण कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे, हे चालू राहिले.

जखम भरत नव्हती त्याच दिवसांत साळवेने आपल्या घरावर मजला चढवला आणि त्याचे जेवण ठेवले. जनाबाईला ताप होता. मी एकटा गेलो. नव्या मजल्यावर पंगत बसली होती. मटण होते, भाकरी होती. वासाने पोटात आग पडली. जखम ठणकत होती आणि खालची कवळी मी जिभेने दाबून धरली होती. ओठ उघडले की ती बाहेर येईल याची मला खात्री होती.

साळवे ताट घेऊन स्वतः आला. "बस मिस्त्री. तुह्यासाठी नळी काढून ठेवली."

मी मान हलवली. ओठ जेमतेम उघडून म्हणालो, "उपास."

"उपास?" तो हसला. "आज कोन्ता वार हाये? तू कधीपासून देव-देव कराया लागला?"

कवळी उचलली गेली होती; मी जीभ पुन्हा दाबली.

"मंग च्या घे. उपासाला च्या चालतो."

गरम चहा जखमेला लागला असता. मी पुन्हा मान हलवली. त्याच्या सुनेने तांब्या-पेला आणला. मी तोही हाताने बाजूला केला. साळवेचे हसणे थांबले. ताट हातात घेऊन तो तसाच उभा राहिला आणि मी पायऱ्या उतरून निघून आलो. रस्त्यावर एका भिंतीआड जाऊन कवळी काढून रुमालात बांधली. तेव्हा फक्त ठणका जाणवत होता. दुसरे काही सुचले नाही.

त्यानंतर साळवेचा फोन आला नाही. मीही केला नाही. कवळी काढून बोललो की शब्द ओळखू येत नसत. ठरवले होते, दात नीट करून घेऊ आणि मग जाऊ.

निदान

जनाबाईने रुमालावरचे डाग पाहिले. या वेळी ते कुंकवाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने मला दंतवैद्यकाचे शिक्षण जिथे चालते अशा दवाखान्यात नेले. नेले हा शब्द योग्य आहे.

अशा दवाखान्याची एक रीत असते. सकाळी खिडकीवर केसपेपर काढायचा. बाकावर बसायचे. मोठ्या दालनात खुर्च्यांची रांग असते. प्रत्येक खुर्चीपाशी पांढरा कोट घातलेली तरुण मुले. ती तुम्हाला एकच प्रश्न पाळीपाळीने विचारतात, कारण ती शिकत असतात. चिडू नये. खाजगीत कोणी तुमच्याकडे इतका वेळ पाहत नाही.

मला तपासणारी डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची होती. तिने कवळी उजेडात धरली.

"बाबा, ही कोणी घासली?"

"मी."

"कशानं?"

"कानशीनं."

ती हसली नाही. "हात चांगला आहे तुमचा," म्हणाली. "पण आता हात लावायचा नाही." मग तिने आरसा तोंडात घातला आणि डाव्या बाजूला दोनदा पाहिले. मोठ्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी बोटाने जखमेच्या कडा दाबून पाहिल्या, गळ्याखाली चाचपले, तंबाखूविषयी विचारले. म्हणाले, एक छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवू. बहुधा कवळीचीच जखम असावी, परंतु पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

पुढचे शब्द मला ऐकू आले नाहीत. "पाहिल्याशिवाय" हा शब्द मी टूलरूममध्ये हजार वेळा वापरला होता.

अहवाल येईपर्यंतच्या दिवसांविषयी फार लिहिणार नाही. माझा मुलगा शेंद्र्याला कारखान्यात आहे. त्याला कळवू नको असे मी जनाबाईला सांगितले आणि तिने त्याच दिवशी कळवले. त्याने रजा टाकली. मी रागावलो. तो ऐकून घेऊन माझ्या शेजारी बसून राहिला. भीती वाटली काय, असे कोणी विचारले तर वाटली. तंबाखूची डबी मी नालीत टाकली. आजवर ती परत आणलेली नाही.

अहवालाच्या दिवशी नाव पुकारले गेले तेव्हा जनाबाईने माझे मनगट धरले. लग्नाला इतकी वर्षे झाली, चारचौघांत तिने माझा हात कधी धरला नव्हता. आत जाईपर्यंत सोडले नाही.

कॅन्सर नव्हता. कवळी टोचून झालेली जुनी जखम होती. मी "बरं" म्हणालो. जनाबाईने डॉक्टरीणबाईंना विचारले, "मंग यांना भाकर कधी खाता येईल, बाई?"

खर्च

आता पैशाविषयी, कारण पुष्कळांचे घोडे तिथेच अडते.

माझ्या खालच्या जबड्यात नवी साधी कवळी बसेल एवढे हाड उरले नव्हते. उपाय होता इम्प्लांटचा. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, हाड त्याला धरते आणि मग त्यावर दात बसतात. मुलाने शहरातल्या दोन खाजगी दवाखान्यांत चौकशी केली. एका इम्प्लांटला वरच्या दातासकट पंचवीस ते चाळीस हजार, आणि संपूर्ण जबड्याला पक्के दात हवे असतील तर काही लाख, असे सांगण्यात आले. मुलगा म्हणाला, हप्ते पाडून मिळतात. मी म्हणालो, मी उरलेल्या आयुष्यात दातांचे हप्ते भरणार नाही आणि तूही भरणार नाहीस.

त्या तरुण डॉक्टरने मग तिसरी गोष्ट सांगितली. पूर्ण जबडा इम्प्लांटचा करण्याची गरज नसते. खाली पुढच्या बाजूला, जिथे हाड अजून शिल्लक असते, दोनच स्क्रू बसवायचे, त्यांवर गोल बटणे, आणि कवळी त्या बटणांवर कपड्याच्या टिचबटणासारखी दाबून बसवायची. ती काढता येते, धुता येते, आणि हलत नाही. वरचा जबडा साध्या कवळीवर चालतो. मला हे ताबडतोब पटले. सरकता जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, दोन पिनांवर बसवणे ही टूलरूममधली जुनी युक्ती आहे.

अशा दवाखान्यात कामाचे शुल्क थोडे असते. स्क्रू आणि बटणांचे पैसे आपण द्यायचे. मला खाजगीच्या निम्म्याहून कमी खर्च आला. फेऱ्या मात्र जास्त झाल्या. पैसे एकदम लागले नाहीत. आधी स्क्रूचे, मग हाड भरायला काही महिने जातात, त्यानंतर बटणांचे आणि कवळीचे. ज्याला थोडे थोडे बाजूला टाकायचे आहे त्याला ते महिने उपयोगी पडतात.

विचारून घ्यावे असे काही आहे. सांगितलेल्या रकमेत फोटो आणि स्कॅन धरला आहे काय. कवळी धरली आहे काय. बटणांतल्या रबराच्या चकत्या झिजतात. त्या बदलायला काय पडते. स्क्रू कोणत्या बनावटीचा, आणि त्याचे कार्ड मिळेल काय. कार्ड नसेल तर पुढे दुसऱ्या डॉक्टरला त्याचा सुटा भाग सापडत नाही. फारच स्वस्त सांगणाऱ्याला हे प्रश्न दोनदा विचारावेत. माझ्या आरोग्यविम्यात दात बसत नव्हते. तुमच्यात बसतात काय, ते आधी पाहावे. रक्तातली साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल तर हाड स्क्रूला धरत नाही आणि सगळा खर्च वाया जातो.

पैसे माझ्या निवृत्तीच्या ठेवीतून दिले. ती ठेव आजारपणासाठी राखलेली होती आणि दातांसाठी तिला हात लावायला मी तयार नव्हतो. दात हा काही आजार नव्हे, असे म्हणालो.

"मंग हे काय हाये?" जनाबाई म्हणाली. "सण हाये का?"

मी बँकेत गेलो.

स्क्रू बसवताना दुखत नाही. तेवढी जागा बधिर करतात. जबड्यात ड्रिल फिरल्याचा आवाज मात्र ऐकू येतो. मला त्या आवाजाची सवय होती. ड्रिल कोठे अडते आणि कोठे सुटते, हे डोळे मिटून कळत होते. आता कवळी बसलेली आहे. भाकरी चावता येते. ऊस खाता येत नाही. त्याची तक्रार नाही.

मधले महिने

हाड भरेपर्यंत खालची कवळी घालायची नाही, असे मला सांगितले होते. एकटी वरची घालून उपयोग नव्हता. त्या महिन्यांत मी गल्लीतही जात नसे. आरशासमोर दाढी करताना मान खाली घालत असे. गाल आत गेले, की वडिलांचा चेहरा दिसतो. ते गेले तेव्हाचा.

अशाच एका दिवशी जनाबाई भाजीबाजारातून आली आणि पिशवी न उतरवताच म्हणाली, "साळवेबाई भेटल्या."

"काय म्हनल्या?"

"काय नाय. वळख दिली नाय. म्या हाक मारली तर मेथीच्या जुड्या बघत राहिल्या." ती माझ्यापुढे बसली. "त्या दिशी तुमी जेवायला गेले व्हते, तिथं काय झालं?"

मी सांगितले. ताट, उपास, चहा, तांब्या. कवळी जिभेने धरली होती, हेही सांगितले. ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिने हळू आवाजात विचारले, "पानी बी नाय पिलं?"

"नाय."

"त्यांच्या घरचं पानी हातानं सारलं. चार मानसांत. आनि खाली उतरून आले."

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. मी काय केले होते ते मला तेव्हा दिसले. साळवेच्या वडिलांना आणि आजोबांना ज्या ज्या दारात पाण्यावरून जे सहन करावे लागले होते, ते मी त्याच्या दारात, त्याच्या नव्या घराच्या दिवशी, त्याच्या सुनेच्या देखत केले होते. माझ्या मनात ते नव्हते. परंतु माझ्या मनात काय होते, हे त्याला कसे कळणार होते? माझे तोंड बंद होते.

"दात बसले की जातो," मी म्हणालो.

"दात बसंस्तोर त्यानं काय समजायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कवळ्या डब्यातच राहू दिल्या आणि बोळक्या तोंडाने बसमध्ये चढलो. कंडक्टरने तिकीट कुठले, ते तीनदा विचारले.

साळवे दारात खुर्ची टाकून बसला होता. उठला नाही. "या शिंगाडेसाहेब," म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने मला मिस्त्रीशिवाय दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

बोलायला लागलो तर हवा सुटली. म्हणून त्याच्यासमोर वाकलो आणि तोंड उघडून दाखवले. दोन्ही जबडे. खालच्या हिरडीवर जखमेचा व्रण आणि स्क्रूंच्या दोन खुणा.

त्याने बराच वेळ पाहिले. मिलिंगवर उतरलेला जॉब पाहायचा तसे. मग म्हणाला, "तव्हाच असं व्हतं?"

मी मान हलवली.

"दुखत व्हतं?"

"लई."

"मंग सांगायचं नाय?"

"लाज वाटली."

तो आत पाहत म्हणाला, "मला वाटलं, म्हातारा झाला, आता आपल्या लोकांत गेला. घरात बी तेच म्हनलो." तो खुर्चीत पुढे वाकला. "आनखी बी लई काय म्हनलो. ते नाय सांगत आता."

"सांग. ऐकतो."

"नाय सांगत." तो उठला. "बस, मिस्त्री."

त्याच्या सुनेने तांब्या आणला. या वेळी तिने तो माझ्या हातात दिला नाही; खाली ठेवला आणि दोन पावले मागे सरली. मी दोन्ही हातांनी उचलला आणि सगळा प्यालो. निम्मे पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर आले. दात नसले की ओठ नीट मिटत नाहीत. ती टॉवेल घेऊन आली.

साळवेबाई दारातून बाहेर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, चावाया येत नाय तर रस्सा घेता का? भाकर चुरून देते. मऊ भिजू द्या जरा."

"चालंल," मी म्हणालो. ते त्यांना कळले.

ताटे आली. माझ्या ताटात भाकरी बारीक चुरली होती आणि वरून रस्सा ओतला होता. साळवेच्या ताटात अख्खी भाकरी होती, वेगळी वाटी होती, कांदा होता. त्याने माझ्या ताटाकडे एकदा पाहिले. मग स्वतःची भाकरी घेतली, मुठीत दाबून तिचा चुरा केला, वाटीतला रस्सा त्यावर रिकामा केला आणि ती भिजायची वाट पाहत माझ्याबरोबर बसून राहिला. कांद्याची फोड बाजूला सारली.

त्याचे सगळे दात शाबूत आहेत.